बंद पडलेल्या रेल्वेचं इंजिन

दादाला माझं काही चांगलं झालेलं पाहवत नसे, हे आज स्पष्टच लिहितो. नव्वदीच्या दशकात दादा, वहिनी आणि मी गुजरातेत नवागामला एका खोलीत राहायचो. कडोदऱ्याच्या कापडाच्या लूमवर दादा मास्तर, म्हणजे कारागिरांवरचा मुकादम होता, मी त्याच्या हाताखाली कारागीर.

रद्दीत मला एक अमेरिकन मासिक सापडलं. त्यात डोंगरातल्या एका छोट्या रेल्वेची हकीकत होती. कोळसा संपला तशी ती बुडाली, मोठ्या कंपनीनं तिला गिळलं आणि रूळसुद्धा उखडून विकले. तरी तिकडची माणसं घरी बसून तिची छोटी छोटी इंजिनं बनवतात, हे डिक्शनरी घेऊन वाचलं आणि मला खूळच लागलं. बंद पडलेल्या रेल्वेत आता कुणाला ढवळाढवळ करता येत नाही, हे मला फार आवडलं. आमची तर पाळीसुद्धा मास्तरच्या लहरीवर बदलायची.

"बंद पडेल गाडी काबरं बनाडस रे?" बंद पडलेली गाडी कशाला बनवतोस, म्हणून दादा हसायचा.

 कापडाचे धागे मोजायच्या भिंगातून मी फोटोतले रिव्हेट मोजले. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, लूमच्या मोडक्या धोट्याचं लाकूड, फणीच्या तारा असं जमवत दहा महिन्यांत वीतभर इंजिन उभं केलं. एका सकाळी ते फळीवर नव्हतं. दादानं मला न विचारता शेठला दाखवायला नेलं होतं.

मी पळत ऑफिसात गेलो. शेठ आणि दादा तिथंच होते, आणि शेठचा अमेरिकेहून आलेला पुतण्या ते हातात घेऊन बसला होता. घाबरून माझ्या तोंडून मराठीच निघाली, "शेठ, ते आपलं आहे!"

"आपेलुं?" पुतण्या खूश झाला. गुजरातीत आपेलुं म्हणजे दिलेलं. "थँक यू, भाई!"

शेठला मराठी चांगली कळायची, आमच्याच माणसांना शिव्या देऊन शिकला होता. तो गालात हसला. दादाला तर दोन्ही भाषा येत होत्या. त्यानं एक शब्द सांगितला असता तर माझं इंजिन वाचलं असतं. तो म्हणाला, "ले जाव, ले जाव."

घरी मी भांडलो, तर उलट मलाच म्हणतो, "'मनं शे' अशे म्हनानं ना मंग!" 'माझं आहे' म्हणायचं होतं म्हणे.

पुढे त्याच्या मुलीच्या लग्नात एका पाहुण्यानं मला विचारलं, "नवरी आपलीच ना?" दादा शेजारीच उभा होता.

"त्याची," मी म्हणालो.