जाऊन राहिलो

एकही गोष्ट न ठरवता माणसांना तृप्त करून घरी पाठवणारी मीटिंग अख्ख्या अमरावतीत फक्त आमच्या साहेबांनाच जमायची. आमची बियाण्यांची कंपनी, साहेब मूळचे अचलपूरचे, आणि सोमवारची मीटिंग म्हणजे त्यांचा जीव की प्राण. विषय काय आहे, हे मात्र आधी कोणालाच ठाऊक नसे. विचारलं तर म्हणायचे, "अबे, विषय आधीच सांगतला तं मीटिंग कायले घ्याची?" मी तरी अजून गोंधळातच आहे.

सुरुवात हजर माणसांपासून कधी झालीच नाही. साहेब आधी न आलेल्याची चौकशी करत. तिवस्याहून येणाऱ्या आमच्या गजाननला फोन लागायचा, तो छातीठोक सांगायचा, "येऊन राहिलो न साहेब!" आणि मागे त्याची म्हैस ओरडत असायची. तो येईपर्यंत चहा, तो आला की त्याच्या निमित्तानं पुन्हा चहा, आणि झालेलं सगळं पहिल्यापासून परत. तुरीच्या बियाण्यावरून गाडी तुरीच्या डाळीवर जायची, डाळीवरून कोणाच्या घरी वरणाला फोडणी कशाची यावर. "साहेब, विषयावर येऊ का?" म्हटलं की ते दुखावत. "मंग हा कोनाचा विषय हाय?" शेवटी टेबलावर थाप मारून "चला, ठरलं!" म्हणत आणि उठत. काय ठरलं, हे आम्ही जिन्यात एकमेकांना विचारायचो. एकदा असंच ठरलं आणि आम्ही झाडून सगळे दर्यापूरच्या मेळाव्याला जाऊन धडकलो. तिकडे खुद्द साहेबांच्या अचलपुरात शेतकरी बिचारे रिकाम्या मांडवात आमची वाट पाहत बसले होते.

मग पुण्याच्या मोठ्या साहेबांचा हुकूम आला. अमरावतीचा एक माणूस कायमचा अकोल्याला हवा, नाव सोमवारी ऑनलाइन सांगा. सगळ्यांत नव्या म्हणून सलमाताईंचंच नाव जो तो घेत होता. ताईंची मुलगी अजून अंगावर पिणारी, नवऱ्याचं शिलाईचं दुकान इथलं. त्या सोमवारी ताई कोपऱ्यात मान खाली घालून बसल्या होत्या. पुण्याहून आवाज आला, "मग, कोण जाणार?" नेमकं तेव्हाच गजानननं विचारलं, "साहेब, चहा सांगाले कोन जाते?"

साहेब लॅपटॉपकडे पाठ फिरवून म्हणाले, "बैस तू, मीच जाऊन राहिलो."

आमच्याकडे याचा अर्थ निघालोच, एवढाच. पण माईक चालू होता आणि पुणं एकदम खूश झालं. "तुम्ही स्वतः जाऊन राहणार? वा! मग तुमचंच नाव टाकतो."

"साहेब, सांगा न त्याईले, चहाचं होतं ते!" मी कुजबुजलो. निवृत्तीला आलेला माणूस, इथं नुकतं घर बांधलेलं! साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, सलमाताईंकडे पाहिलं, आणि माईकजवळ तोंड नेऊन म्हणाले, "हो. टाका." मग खरंच चहा सांगायला खाली गेले.

ही चूक होती की काय होतं, मला कळेना. निघायच्या दिवशी स्टँडवर विचारलं, तर म्हणाले, "अबे, माह्या मीटिंगीत पयल्यांदा काईतरी ठरलं, ते कावून मोडू?" हे उत्तर झालं का? एसटी सुटली आणि मी तिथंच डोकं खाजवत उभा.

नवे साहेब शिस्तीचे आहेत. मीटिंग वेळेवर संपते, काय ठरलं ते सगळ्यांना कळतं, आणि मला आमच्या साहेबांची फार आठवण येते.

परवा अकोल्याला गेलो होतो. साहेब भाड्याच्या एका खोलीत डबा उघडून एकटेच जेवायला बसले होते. वहिनी अमरावतीच्या घरी. आज खरं काय ते विचारायचंच, असं ठरवून मी समोर बसलो. त्यांनी अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवली.

"काबे," माझ्याआधी त्यांनीच विचारलं, "सलमाची पोरगी चालाले लागली काय?"

"लागली, साहेब. भिंत धरून चालते."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि मान खाली घालून जेवू लागले.