पापडांआधीचा खड्डा

नाथाजीनं बावीस वर्षं जत तालुक्यात पाण्याचा टँकर चालवला. उन्हाळ्यात तो ज्या वाडीत शिरे, तिथं जेवती माणसं हात न धुता उठत. सीमेकडच्या वाड्यांत बायका 'नीर बंतु' म्हणून ओरडत, अलीकडच्या वाड्यांत 'पाणी आलं'. अर्थ एकच, आणि घागरींची रांगही एकसारखीच. देव कधी येईल ते सांगता येत नाही, तसं नाथाजीचंही सांगता येत नसे. फरक इतकाच, की नाथाजी हॉर्न वाजवायचा.

असा माणूस साठी ओलांडून मलकापूरला राहायला आला, तर गल्लीतल्या नळांना चोवीस तास पाणी.

त्याचा मुलगा साईराज कराडला एका दवाखान्यात नोकरीला. त्यानं मलकापुरात एक जुनं पत्र्याचं घर घेतलं, दुरुस्ती काढली आणि देखरेखीला आईबापांना आणून बसवलं. स्वतः मात्र कराडच्या खोलीवरच राहिला. सिमेंटच्या धुळीनं त्याला शिंका येतात. नाथाजीनं देखरेख मनापासून केली. पहिल्या महिन्यात दोन भिंती पाडल्या. त्यातली एक पाडायची होती.

बसून राहणं त्याला जमत नव्हतं. सकाळी उठला की गल्लीत फेरी. प्रत्येक फाटकापाशी थांबून पाण्याचं मीटर बघायचा. शेजारची क्रांती शाळेत शिकवते. तिला त्यानं एकदा गाठलंच.

"पानी जातं किती वाजता?"

"जात नाही, काका."

"न्हाई, पन गेलं तर कवा जातं?"

"काका, ते जातच नाही."

नाथाजीनं मान हलवली. शिकलेली माणसं भाबडी असतात, हे त्याचं जुनं मत होतं. त्याच दिवशी त्यानं अल्लाबक्ष गवंड्याला अंगणात हौद खणायला सांगितला. दहा फूट लांब, आठ रुंद, सहा खोल.

"मामा, हौद कशाला? दारात नळ हाय की."

"नळाच्या भरवशावर कोन जगलाय?"

"सगळी गल्ली," अल्लाबक्ष म्हणाला आणि कुदळ उचलली.

अंबूबाईनं, नाथाजीच्या बायकोनं, येण्याजाण्यापुरती खड्ड्यावर एक फळी टाकून घेतली. जत सोडताना, नाथाजी टेम्पो बघायला गेला होता तेवढ्यात, तिनं घरातली तिन्ही पिंपं मोडीत घातली होती. त्यामागं बावीस वर्षांचा विचार होता. टँकरवाल्यानं आधी आपलंच घर भरलं असं कुणी म्हणू नये, म्हणून नाथाजीचा टँकर स्वतःच्या दारात सगळ्यात शेवटी लागायचा. पंचक्रोशीत त्याच्या प्रामाणिकपणाचं नाव होतं. त्या नावाचा तळ अंबूबाईनं रोज वाटीनं खरवडला होता.

चैत्रात गल्लीत पापड सुरू झाले. सात घरं, सात दिवस. रोज एकीचं अंगण, बाकीच्या सहाजणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन हजर. नव्या बाईला पहिल्या वर्षी लाटायला बोलावतात, दिवस देत नाहीत; आधी हात बघतात, मग माणूस. अंबूबाई अंगणातल्या खड्ड्यावरच्या फळीवरून, पोळपाट काखेत मारून, तीन दिवस गेली. तिच्या पापडातून पलीकडचं लाटणं दिसायचं. चौथ्या दिवशी क्रांती म्हणाली, "मावशी, मंगळवार तुमचा."

अंबूबाई घरी आली ती फळीवरून जवळजवळ पळतच.

"मंगळवारी बाया येनार हायत आपल्याकडं."

"येऊंद्यात की."

"बसतील कुटं? हौदात?"

प्रश्न रास्त होता. आत फरशी उखडलेली, खोल्यांत सिमेंटच्या गोण्या, वर तापलेला पत्रा. माणूस आणि पापड एकाच वेळी मावतील अशी जागा फक्त अंगणात होती, आणि अंगणात खड्डा होता.

"म्होरच्या साली घे की नंबर. एवढं काय त्यात?"

"बावीस वरसं म्होरच्यालाच दिलं आवं," अंबूबाई म्हणाली. "ह्यो नंबर माजा हाय. मी मागितला न्हवता, त्यांनी दिलाय."

नाथाजीनं हौदाची उपयुक्तता समजावून सांगितली. अंबूबाई तोवर उडीद दळायला गेली होती.

रविवारी त्याला राहवेना. जतकडच्या तानाजीला फोन लावला. हा तानाजी त्याच्या जुन्या फेरीतला, रांगेत कायम पहिला.

"टँकर आला का रं?"

"आला की. सकाळीच."

"कोन हाय गाडीवर?"

"नवा डायवर हाय. लय टायमात येतो गडी. हॉर्न बी वाजवत न्हाई, आदी मोबाइलवर मेसेज टाकतो. बायांचं लय बरं झालंय. तुमी कसं हायसा?"

"बरा हाय," नाथाजी म्हणाला आणि खड्ड्याभोवती चार फेऱ्या मारल्या. मग उलट्या दिशेनं दोन.

सोमवारी सकाळी हौदाच्या तळाला सळई बांधून झाली. दुपारी काँक्रीट ओतायचं होतं. तेवढ्यात क्रांती फळीच्या पलीकडं येऊन उभी राहिली.

"काका, मावशी उद्याचा दिवस सोडते म्हणाल्या. मग कोपऱ्यावरच्यांना देऊ ना?"

नाथाजीनं मागं वळून बघितलं. आत अंबूबाई उडदाचं पीठ परातीतून पुन्हा डब्यात भरत होती. तिची पाठ त्याच्याकडं होती. टँकरपाशी नंबर न लागलेली बाई रिकामी घागर घेऊन अशीच परत वळायची. अशा पाठी त्यानं शेकडो बघितल्या होत्या आणि प्रत्येक वेळी गिअर टाकून निघून गेला होता.

"देऊ नगा," तो म्हणाला. "अल्लाबक्ष, भर खड्डा."

"मामा, सळई बांधलीया!"

"काढ सळई."

"चार दिस खणलाय आमी."

"तुला खणाय कोन सांगितलं हुतं?"

"तुमीच."

"मग भराय बी मीच सांगतोय."

दोन्ही भिंतींचं डबर दारात पडूनच होतं. ते खड्ड्यात गेलं, वर खणलेला मुरूम गेला. बारा वाजेपर्यंत अंगण अंगणासारखं दिसू लागलं. नाथाजी पाय ठेवणार, तेवढ्यात अल्लाबक्षनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं.

"नुसतं भरून भागत न्हाई. पानी पाजाय पायजे. न्हाईतर उद्या बाया पापडासकट खाली."

"किती लागंल?"

अल्लाबक्षनं डोकं खाजवलं. "टँकरभर तरी."

नाथाजीनं नळाला पाइप लावला. स्वच्छ, पिण्याचं, मीटरमधून मोजून आलेलं पाणी तो डबरावर सोडू लागला. जमीन ते बुडबुडे काढत पीत होती आणि पोट भरल्याचं नाव घेत नव्हती. एवढ्या पाण्यात एक आख्खी वाडी भागली असती. तीनदा त्यानं न राहवून नळ बंद केला. तीनदा अल्लाबक्षनं पुन्हा सोडला. चौथ्यांदा अल्लाबक्ष म्हणाला, "मामा, तुमी चा पिऊन या," आणि पाइप काढून घेऊ लागला. नाथाजीनं दिला नाही. कोपऱ्याकोपऱ्यानं फिरवत दिवस मावळेपर्यंत तो पाणी ओतत राहिला. मागून अल्लाबक्ष धुम्मस मारून जमीन ठोकत होता. अंबूबाई एकदा दारात आली, बघून आत गेली, आणि डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

मंगळवारी अंबूबाईचा धरून आठ पोळपाट एका ओळीत लागले. बायकांनी जमीन आधी टाचेनं दाबून बघितली, मग बसल्या. अंगणातल्या बाजेवर पापड पडू लागले. नाथाजी आत गेला, बाहेर आला, बाजेची सावली मोजली, फाटक दोनदा लावून उघडलं.

"आवं, पापडखार कमी पडतोय," अंबूबाई म्हणाली.

तो जवळजवळ धावतच गेला. दुकानदारानं विचारलं, "नवीन दिसताय. कुणाकडचे?"

असं नाथाजीला बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. "अंबूबाईकडचा," तो म्हणाला.

खार घेऊन आला. चपला पायातच होत्या.

"आनि काय?"

"काका, टेका की आता," क्रांती हसली.

"टेकतो की." तो उभाच राहिला. "त्याल पुरतंय का?"

अंबूबाईनं लाटण्यावरची नजर काढली नाही.

"पुरतंय," ती म्हणाली. "जावा, तरी आना."