आत्या, ॲप आणि मानेसरची बस

माझ्या धाकट्या आत्याशी बोलून उठल्यावर 'आपणही उद्यापासून स्वतःची कंपनी काढावी' असं ज्याला वाटलं नाही, असा माणूस दिल्लीत तरी अजून जन्मलेला नाही. तिच्या दातांच्या डॉक्टरांना तसं वाटलं होतं. कोपऱ्यावर कपड्यांना इस्त्री करणाऱ्या प्रेसवाल्याला वाटलं होतं. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी परभणीहून आलेला एक विद्यार्थी रविवारी तिच्याकडे जेवायला यायचा, तो तर पुस्तकं गुंडाळून जेवणाच्या डब्यांचं ॲप काढायला निघाला. त्याच्या आईचा रडत फोन आला तेव्हा आत्यानेच त्याला समोर बसवलं आणि सांगितलं, "तू आधी कलेक्टर हो. भूक काय, पुढच्या वर्षीही लागणारच आहे लोकांना."

आत्या मूळची नागपूरची. सगळी नोकरी तिने केंद्र सरकारच्या एका कार्यालयात, कॉम्प्युटर विभागात केली आणि एक दिवस स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आली. काका अजून मंत्रालयात होते, त्यामुळे लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर शाबूत होतं. लोक विचारत, "आता काय करणार?" आत्या सांगे, "घरात एक पगार असावा आणि एक वेड असावं. पगाराचं खातं यांच्याकडे दिलंय." काका वर्तमानपत्रातून मान वर काढून म्हणत, "मला विचारलं नव्हतं." हे त्यांचं एकमेव भाषण.

वेड कुठलं, ते मात्र ठरायचं होतं. ते ठरलं गुरुग्रामच्या पुढे, कारखान्यांच्या मानेसरमधल्या एका वळणावर. हिवाळ्यातली सकाळ होती. मी आत्याला तिच्या मैत्रिणीकडे सोडायला निघालो होतो आणि धुक्यामुळे गाडी मुंगीच्या चालीने चालली होती. रस्त्याच्या कडेला शाली गुंडाळलेल्या काही बायका उभ्या होत्या, सुट्या भागांच्या कारखान्यात काम करणाऱ्या. आत्याने काच खाली केली आणि चौकशी सुरू केली, कारण काच वर ठेवून प्रवास करणं तिला जमत नाही. कंपनीची बस येऊन गेली की यायची आहे, हेच त्यांना कळत नव्हतं. थांबावं तर बस गेलेली असायची. शेअर ऑटो धरावी तर मागून बस यायची. उशीर झाला की अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जायची. काच वर गेली आणि आत्या जवळजवळ ओरडलीच, "सापडलं! अरे यार, सापडलं!" मला वाटलं, कानातलं सापडलं.

मी गुरुग्रामच्या एका टॉवरमध्ये सॉफ्टवेअर लिहायचो, त्यामुळे बस कुठे आहे ते सांगणाऱ्या कंपनीच्या तंत्रप्रमुखपदी माझी नेमणूक त्याच गाडीत झाली. शनिवार-रविवार खपून मी ॲपचे स्क्रीन रंगवले, हलणारा नकाशा काढला, कंपनीचं बोधचिन्हसुद्धा केलं. आत्याने चष्मा लावून सगळं मनापासून पाहिलं. "सुंदर झालंय. आता हे ठेवून दे," ती म्हणाली. "आधी आपणच ॲप व्हायचं."

आणि ती खरोखरच ॲप झाली! बसच्या ड्रायव्हरांशी गप्पा मारून तिने त्यांचे नंबर मिळवले, बायकांना स्वतःचा नंबर दिला, आणि रोज पहाटे स्वयंपाकघरात उभी राहून एका हाताने पोहे परतत, दुसऱ्या हाताने मेसेजला उत्तरं देऊ लागली. 'बस पेट्रोल पंप के पास है. अभी आ रही है. स्वेटर पहना है ना?' ती अंघोळीला गेली की फोन काकांकडे यायचा. काकांचा सारा जन्म फायलींत गेलेला. ते लिहीत, 'आपके संदेश के संदर्भ में सूचित किया जाता है कि बस चौक पर खड़ी है.' पलीकडच्या बायकांना वाटे, बस जप्त झाली.

पण या खटाटोपातून जे कळलं, ते माझ्या टॉवरमधल्या मोठमोठ्या मीटिंगांत कधी कळलं नसतं. नकाशा कुणी मागितलाच नाही. बायकांना एकच उत्तर हवं होतं : बस गेली, की यायची आहे? "तेवढंच बनव," आत्या म्हणाली. "नकाशाचं लोणचं घाल." मी तेवढंच बनवलं. बसमध्ये एक छोटं यंत्र बसवलं, आणि मेसेज आला की उत्तर आपोआप जाऊ लागलं. आम्ही खूश झालो, तर दुसऱ्याच दिवशी तक्रार आली : हल्ली दीदी नाराज आहेत का? स्वेटरचं विचारत नाहीत. आत्याने प्रत्येकीला फोन करून सांगितलं की ते यंत्र आहे, मनावर घेऊ नका. तक्रारीचे फोन मात्र तिने शेवटपर्यंत दुसऱ्या कुणाला उचलू दिले नाहीत. "शिव्या पहिल्यांदा मालकाच्या कानात पडल्या पाहिजेत," असं तिचं मत होतं.

कचेरी म्हणजे तिचं जेवणाचं टेबल. मी गुरुग्रामात छानशी जागा भाड्याने घेऊ म्हटलं, तर म्हणाली, "तिथे मीटिंग संपल्यावर लगेच ताटं घेता येतील का?" त्याच टेबलाशी एकदा एक तरुण गुंतवणूकदार आला. पांढरे बूट, तोंडात सारखं 'स्केल'. त्याला वर्षभरात देशातली सगळी मोठी शहरं हवी होती. आत्याने विचारलं, "मानेसर देखा है?" तो म्हणाला, "जी मॅम, जयपूर जाते हुए." आत्याने त्याला आग्रह करकरून झुणका-भाकर वाढली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ठेचा दिला, आणि प्रेमाने निरोप दिला. मी चिडलो. ती म्हणाली, "त्याचा पैसा घेतला की बस त्याच्या रस्त्याने न्यावी लागेल. आपल्या बायका आपल्याच वळणावर उभ्या राहतील, त्याचं काय?"

अडचण वेगळीच होती. कारखान्याच्या ट्रान्सपोर्ट मॅनेजरने आमची सोय आपल्या सगळ्या बसगाड्यांना लावून घेतली होती, पण फुकट. पैशांचं काढलं की तो म्हणे, "मॅडमजी, ट्रायल थोड़ा और चलने दो." इकडे काकांची निवृत्ती जवळ आली होती. पगार थांबणार, क्वार्टर सोडावं लागणार. आत्याने मॅनेजरला रीतसर कळवलं की सोमवारपासून सेवा बंद. बायकांनाही आधी सांगून ठेवलं. मॅनेजर हसला म्हणे.

सोमवारी पहाटे मी लॅपटॉप उघडून तिच्या टेबलाशी बसलो होतो. बाहेर धुकं असं की अंगणातला कडुनिंब दिसेना. "आत्या, आपलं एकच गिऱ्हाईक आहे," मी म्हणालो.

"फुकट घेतो तो गिऱ्हाईक नाही, पाहुणा आहे. बंद कर."

मी बंद केलं. काही वेळाने पाहिलं तर हॉलमध्ये मी एकटाच. स्वयंपाकघरात डोकावलो. आत्या माझ्याकडे पाठ करून भराभर मेसेज लिहीत होती, आणि काका शाल पांघरून दुसऱ्या फोनवर ड्रायव्हरला विचारत होते, "आप कृपया वर्तमान स्थिति बताएँगे?"

"आत्या, हे काय चाललंय?"

ती दचकली. मग जरा ओशाळून म्हणाली, "अरे, त्या वळणावर अंधार आहे यार. भांडण मॅनेजरशी आहे, त्यांच्याशी नाही. त्या तेवढ्या जणींनाच सांगतेय."

बाकी सगळा कारखाना मात्र मॅनेजरच्या फोनवर तुटून पडला होता. थोड्याच वेळात त्याचा आवाज आला, "मॅडमजी, फोन पे फोन आ रहे हैं! चालू कर दो, बात कर लेंगे."

"बात हो चुकी, भाईसाब. मेल भेजिए."

मेल येईपर्यंत तिने मला बटणाला हात लावू दिला नाही. स्वतः खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होती, गॅसवर चहा उतू जात होता. आणि मेल आला! कारखान्याने वर्षभराचा करार मान्य केला होता. आत्या आनंदाने अशी काही ओरडली की वरच्या मजल्यावरचे तमिळ साहेब काय झालं म्हणून धावत खाली आले. तिने त्यांनाच मिठी मारली. काकांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "अभिनंदन करण्यात येत आहे." ते हसत होते की डोळे पुसत होते, मला नीट कळलं नाही. मी जिलबी आणायला धावत सुटलो, पायात चपला काकांच्या.

पुढे काका निवृत्त झाले. तोपर्यंत आणखी काही कारखाने आले होते, आणि मी टॉवरमधली नोकरी सोडली होती. क्वार्टर रिकामं करताना आत्याने कंपनी माझ्याकडे दिली आणि ती दोघं नागपूरला गेली. मला वाटलं होतं, रोज फोन येईल, सूचनांचा पाऊस पडेल. तसं काही झालं नाही. तिकडे तिला आता महिलांचा कसलासा गृहउद्योग सापडला आहे.

परवा मीच फोन केला. बसच्या वेळांबद्दल काहीतरी विचारलं. मागून मिक्सरचा आवाज येत होता आणि चार-पाच बायका एकदम बोलत होत्या. आत्या घाईत, पण अगदी आनंदात होती. "अरे, मला काय विचारतोस? वळणावर जाऊन बायकांना विचार, त्या बरोबर सांगतील," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

ते मला ठाऊक होतं. मला तिच्याशी बोलायचं होतं.