पाय उचलला होता

परवा सुनेची गाडी दुरुस्तीला नेली आणि ब्रेक ऑइलचा उग्र वास नाकात शिरताच मी मनाने बल्लारपूरच्या एका जुन्या गॅरेजात पोचले. आमच्या ह्यांच्या दोन सीटच्या जुन्या स्पोर्ट्स कारचे ड्रम ब्रेक नाल्यात भिजले की लागायचेच नाहीत, म्हणून तिथल्या मिस्त्रीने डिस्क ब्रेक बसवले होते. आता फक्त पाइपातली हवा काढायची होती. गाडीखालून तो म्हणाला, "बाई, पेडल दाबून धरा. मी सांगतो तवाच सोडा, नाई तं हवा आत जाईल अन् ब्रेक लागनार नाई." स्वतःला मोठी ड्रायव्हर समजणाऱ्या मी साडीवरचा मुंगळा झटकायला पाय उचललाच. "उचलला काय?" "छे!" मी ठसक्यात म्हणाले. पण अहेरीच्या जंगलातल्या रस्त्याला निघायला ह्यांनी चावी फिरवली, तसा मी त्यांचा हात धरला. "थांबा! उचलला होता मी!" मिस्त्री हात पुसत हसला, "मले खालूनच समजलं, बाई. म्हणून तं चाकाखालचा दगड काढला नाई. तुम्ही सांगता का नाई, पाहून राह्यलो होतो." खोटं मी आजही बोलते, नातींशी तर रोजच, पण ज्या खोट्यावर विसंबून दुसरा कुणी रस्त्याला लागणार असेल, ते तोंडातून निघत नाही.