घोडीला विष कुणी घातलं?

ती केस आठवली की अजूनही माझं डोकं चक्रावतं. फिर्यादी होता, आरोपी होता, मुद्देमाल होता. फक्त गुन्हा कुठे होता, तेच सापडत नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शिपाई म्हणून भरती झालेली मी, खात्याच्या परीक्षा देत देत फौजदार झाले आणि ठाण्याच्या नौपाडा चौकीतून कल्याणला बदलून आले. गणपती उरकले होते, जिथे तिथे डबकी साचलेली. सकाळची हजेरी चालू असताना एक टांगेवाला आत आला.

"बाई, माझी घोडी मारली. माझ्याच भावानं."

दोघे भाऊ वेगळे झालेले, बोलणं बंद. खाडीकडचा तबेला मात्र एकच, मध्ये तरटाचा पडदा. फिर्याद घेऊन आलेला थोरला, त्याची घोडी दोन दिवस सुस्त होती. आदल्या संध्याकाळी धाकटा पडद्याखालून हात घालून तिला गुळाचा गोळा चारत होता, ही खबर शेजारणीनं दिली. सकाळी घोडी मेलेली.

पंचनामा केला. विषाचं प्रकरण म्हटलं की आमचं लक्ष आधी पोटाकडे जातं. जनावरांच्या दवाखान्यातून पोट आणि काळीज मिठाच्या पाण्यात घालून, सील करून रासायनिक तपासणीला पाठवलं. बाकीचं पुरलं. धाकट्याला उचलला, टांगा हाकायच्या परवान्याचा त्याचा बिल्ला जमा केला. गुन्हा जामिनाचा होता, पण जामीन राहणार कोण? घरातला मोठा माणूसच फिर्यादी.

"गोळ्यात काय होतं?" मी विचारलं.

"मसाला."

"कसला?"

"घरचा. ते नाय सांगनार."

टांगेवाल्यांच्या घराघरात घोड्याचा मसाला वेगळा असतो आणि तो बाहेर कुणी सांगत नाही. याला बापानं शपथ घातलेली. हे मला ठाऊक असूनही त्याचं गप्प राहणं खटकत होतं.

आमचे हवालदार म्हणाले, "बिल्ला गेला तर मसाला काय स्वतः खाणार?"

"खाईन," तो म्हणाला. "बिल्ला गेला तर दुसरं काय खानार?"

तो आत असतानाच त्याची स्वतःची घोडी आजारी पडली. मी बघायला गेले तर ती एकाच बाजूनं गोल गोल फिरत होती. मग भिंतीला डोकं लावून उभी राहिली, खालचा ओठ लोंबलेला, दात करकर वाजताहेत.

थोरला म्हणाला, "सुटायला नाटक करतोय तो. बायकोकरवी घातलंन काहीतरी."

आता संशय बायकोवर धरायचा का? ठाण्याहून जनावरांचे मोठे डॉक्टर बोलावले. त्यांना आधी घोडी पिसाळल्याचीच शंका आली. "तोंडात हात घालू नका कुणी," म्हणाले. थोरला मागे सरकला, कारण आपल्या घोडीला त्यानं हातानं पाणी पाजलं होतं. धनुर्वात म्हणावं तर जबडा उघडत होता. मग ताप पाहिला, तो सणकून होता.

"विषात एवढा ताप सहसा नसतो," डॉक्टर म्हणाले. "मला हा मेंदूज्वर वाटतो. डासांमुळे होतो. पहिल्या घोडीचा मेंदू कुठाय?"

"पुरला."

"बाई, मला डोकं हवं होतं आणि तुम्ही पोट ठेवलंत."

थोरला हसला. "डासानं घोडं मरतं व्हय? मग आम्ही कधीच गेलो असतो."

डॉक्टरांनी घोडीचं रक्त घेतलं. म्हणाले, दोन आठवड्यांनी पुन्हा घेणार. या आजाराशी लढायला रक्तात जे तयार होतं, ते आज थोडं आणि तेव्हा पुष्कळ निघालं, तर निदान पक्कं. तोवर माझा आरोपी दोषी की निर्दोष, हे घोडीच्या रक्तात. अखेर टांगा स्टँडवरच्या एकानं जामीन दिला आणि धाकटा सुटला. पडद्याजवळ बसून तो घोडीला चमच्यानं पेज पाजायचा. ती हळूहळू सावरली.

रासायनिक तपासणीत विष निघालं नाही. पुढे रक्ताचा अहवाल आला, मेंदूज्वरच. मी दोघांना बोलावलं. सी समरी पाठवतेय म्हटलं, म्हणजे फिर्याद गैरसमजातून झाली.

थोरला म्हणाला, "अहवाल त्याच्या घोडीचा. माझीला काय झालेलं?"

तिचं डोकं तर मीच पुरलं होतं. मग धाकट्याला विचारलं, बोलणं बंद असताना त्यानं गोळा चारलाच का.

"ती खात नव्हती. ह्याला बोललो असतो तर ह्यानं ऐकलं असतं?"

बिल्ला पुढे केला तर तो घेईना. "ह्याच्याकडं द्या." थोरल्यानं बिल्ला घेतला, बाहीनं पुसला. मग त्यानं तो भावाच्या सदऱ्याला लावला.

नुकसान झालं की माणसाला कारण पुरत नाही, त्याला कुणीतरी माणूस लागतो, आणि फिर्याद घेताना आपणही त्याच्याबरोबर माणूसच शोधायला लागतो. एवढं मी त्या केसमधून शिकले. पहिली घोडी मात्र कशानं गेली, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.