आईच्या खोलीतला कॅमेरा

गल्लीत त्याला कुणी नावाने ओळखत नसे. सगळ्यांचा तो कॅमेरेवाला. खांद्यावर शिडी, हातात ड्रिल आणि तोंडाची अखंड टकळी. "मी बसवला की डोळे झाकून झोपा," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि बिचारे झोपायचेही. गिऱ्हाइकं पासवर्ड विसरतात आणि मग आपलंच डोकं खातात, म्हणून त्याने सगळीकडे एकच ठेवला होता, तोही कंपनीकडून आलेला. या आळशीपणाला तो सोय म्हणायचा.

एका दुपारी दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "अहो, माझा दवाखाना कसल्याशा कलाप्रदर्शनात दिसतोय! खुर्चीतल्या पेशंटसकट!"

धावतपळत तो त्या प्रदर्शनात पोचला. अंधाऱ्या दालनात भिंतभर स्क्रीन, आणि प्रत्येकावर कुणाची तरी खोली, त्या घडीला जशी होती तशी, आवाजासकट. बहुतेक खोल्या त्यानेच बसवलेल्या कॅमेऱ्यांतल्या. हे सगळं मांडणारी मुलगी तिथेच उभी होती. तो तिच्यावर तुटून पडला.

"लाज नाही वाटत लोकांच्या घरात डोकावायला?"

"काका, मी कुठलंही कुलूप तोडलेलं नाही," ती म्हणाली. "सगळीकडे कंपनीचाच पासवर्ड, सगळं उघडंच होतं. तेच तर लोकांना दाखवायचंय मला."

त्याने मान फिरवली, तर शेवटच्या स्क्रीनवर त्याची आई. ती अंथरुणाला खिळल्यापासून, तो आणि बायको दोघंही कामावर जात म्हणून, त्याने तिच्या खोलीतही कॅमेरा लावला होता. दिवसातून चारदा मोबाइलवर बघायचा. आवाज बंदच असायचा. आई दिसली की त्याचा जीव भांड्यात पडायचा.

आईला असं चारचौघांत मांडलेलं बघून त्याचं डोकंच फिरलं. तो वायर उपटायला वाकला.

"अहो, नका!" स्टुलावर बसलेली एक बाई कळवळून म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय आजींचा. सकाळपासून मुलाला हाका मारत होत्या. रोजच मारतात. म्हणून मी येऊन बसते."

वायर त्याच्या हातातच राहिली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कशासाठी... कशासाठी हाका मारते?"

"खिडकीचा पडदा ओढ म्हणून. डोळ्यांवर ऊन येतं ना त्यांच्या."

तो पडदा त्यानेच खिळ्याला बांधून ठेवला होता. चित्र स्वच्छ यावं म्हणून.