युरेनियमला वास नसतो

अशा दारात उभ्यानंच काय ऐकताय? सरका जवळ. लांबून बघून मत ठोकायची तुमची खोड काही जात नाही! त्याच खोडीपायी एका माणसाचं दुकान उठणार होतं. ती घटना आजही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मी तेव्हा कुंभार पिंपळगावच्या बाजूला फौजदार होते. बाजारच्या दिवशी ठाण्यात खबर आली की विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या वाइंडिंगवाल्यानं दुकानात युरेनियम लपवलंय. गेलो. बूच लावलेली बाटली सापडली. तिच्यावर किरणांच्या धोक्याची पिवळी खूणही होती. बाहेर ही गर्दी! गाळ्याच्या मालकानं शटर खाली ओढलं आणि ओरडला, "मॅडम, दिवस मावळायच्या आत ह्याला हलवा, न्हाईतर सामान मी फेकतो."

वाइंडिंगवाला रडकुंडीला आला. "बिलकुल युरेनियम न्हाई मॅडम! मोटारीचं ग्रीस धुवायचं औषध हाय. ही खूण कुणी डकवली, मला ठाव न्हाई."

पंचांसमोर बाटली सील केली आणि कॉलेजातल्या रसायनाच्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "युरेनियम हा धातू. त्याला वास नाही, तो हवेत उडत नाही, त्याचे किरण दिसत नाहीत. ग्रीस धुवायचं ते क्लोरीनचं सॉल्व्हंट. पातळ, पण पाण्याहून जड. गोडसर वासाचं, उघडं ठेवलं की उडतं. घातक दोन्ही, तऱ्हा वेगळी. पण तपासल्याशिवाय लिहून देता येणार नाही." आणि प्रयोगशाळेचा अहवाल काय संध्याकाळी येतो?

मग खबर देणाऱ्यालाच बोलावलं. शेजारचाच दुकानदार. चहा पाजला. माझी एक रीत होती, जबाब दुसऱ्यांदा घेताना शेवटाकडून सांगायला लावायचा. सकाळी तो म्हणाला होता, "मी रस्त्यावरूनच बघितलं, आत गेल्तोच न्हाई." आता उलटं सांगता सांगता बोलून गेला, "त्या गोड वासानं डोकं गरगरलं, मंग मी फोन केला..."

"बूच लावलेल्या बाटलीचा वास रस्त्यावर आला? आणि भाऊ, युरेनियमला वास नसतो."

त्यानं कप खाली ठेवला. "चुकलं मॅडम. मला तो गाळा पाहिजे होता." एक्स-रेच्या खोलीवरची खूण त्यानंच आणून डकवली होती. बूच काढून हुंगायचा मोह मात्र आवरला नव्हता.

पंचांसमोर खूण सोलली. खाली कंपनीची चिठ्ठी शाबूत, सॉल्व्हंटच्या नावासकट! ऊन असतानाच भर बाजारात उभं राहून मी ते मोठ्यानं वाचलं. मालकानं मान खाली घालून स्वतः शटर वर केलं, आणि वाइंडिंगवाला गर्दीला म्हणाला, "आता तरी मोटारी घेऊन या की जल्दी!" सगळे हसले. पुढं अहवालही तोच आला.

मी शिकले ते इतकंच. माणूस वस्तूला भीत नाही, नावाला भितो. म्हणून जवळ जाऊन बघावं. तो वाइंडिंगवाला अजून त्याच गाळ्यात आहे, दाखवते तुम्हाला. पुन्हा लवकर या, आणि पुढच्या खेपेला दारातून परत जायचं नाही.